पाऊस, पब आणि पुस्तकं

नोव्हेंबरमधलं डब्लिन म्हणजे बोचरी थंडी, रिपरिप पाऊस आणि साडेचारच्या सुमाराला अंधार. पण नेमक्या याच दिवसांत हे शहर आपल्या लेखकांचा आणि आपल्या चिमुकल्या प्रकाशकांचा उत्सव साजरा करतं. याच शहरानं एकेकाळी आपल्या लेखकांना पळवून लावलं होतं, हे कळलं की या उत्सवाची गंमत आणखी वाढते!

समजा, कंपनीनं तुम्हाला तीन महिन्यांसाठी डब्लिनला पाठवलंय. ऑनसाइट! घरचे खूष, मित्र जळतायत, आणि तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं पोचता. पहिल्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडता तर काय, पाचही वाजले नाहीत आणि मिट्ट काळोख! वर तो पाऊस. आपल्यासारखा धो-धो नाही, बदाबदा कोसळून मोकळा होणारा तर मुळीच नाही. नुसता येतोय, थांबतोय, पुन्हा येतोय. छत्री उघडेपर्यंत वारा ती उलटी करतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही छत्रीचा नाद सोडता आणि वीकएंडला काय करायचं या प्रश्नावर येता.

पब? तो आहेच. पण आणखी एक उत्तर आहे, आणि ते जाम भारी आहे. डब्लिन बुक फेस्टिव्हल!

## फंडा काय?

आयरिश प्रकाशकांच्या पुढाकारातून २००६ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. सुरुवातीची काही वर्षं तो मार्चमध्ये, सिटी हॉलच्या देखण्या घुमटाखाली भरायचा. पुढं तो नोव्हेंबरमध्ये सरकला. त्यानंतर बरीच वर्षं त्याचा मुक्काम होता स्मॉक अ‍ॅली थिएटरमध्ये. ही जागाही एकदम हटके. १६६२ मध्ये तिथं नाट्यगृह बांधलं गेलं, मग त्या जागी चर्च उभं राहिलं, आणि २०१२ मध्ये तिथं पुन्हा नाटकाची घंटा वाजली. २०२० मध्ये कोविडमुळे सगळा कार्यक्रम ऑनलाइन गेला. अलीकडच्या वर्षांत महोत्सवाचा मुख्य तळ डब्लिन कॅसलच्या आवारातल्या प्रिंटवर्क्स या इमारतीत पडतो.

चार-पाच दिवस काय काय चालतं? लेखकांच्या गप्पा, कवितावाचन, नव्या पुस्तकांचं प्रकाशन, मुलांचे कार्यक्रम, लिहिण्याच्या कार्यशाळा, शहरातून गाइडबरोबर भटकंती. बऱ्याच कार्यक्रमांना तिकीटच नसतं, फक्त आधी नाव नोंदवायचं. आणि हो, ‘माझ्या कादंबरीचं हस्तलिखित तयार आहे, आता पुढं काय?’ असं म्हणणाऱ्यांसाठीही कार्यक्रम असतात. ड्रॉवरमध्ये किंवा लॅपटॉपच्या एखाद्या फोल्डरमध्ये अर्धी कादंबरी दडवून ठेवलेले आपल्या ऑफिसात किती जण निघतील, विचार करा!

लंडन किंवा फ्रँकफर्टचा पुस्तकांचा मेळा म्हणजे धंद्याचा मामला. हक्कांचे सौदे, टायघातलेली माणसं, मीटिंगवर मीटिंग. इथं तसं नाही. इथला फंडा एकदम क्लिअर आहे : आयर्लंडमध्ये लिहिलेलं आणि शक्यतो आयर्लंडमध्येच छापलेलं पुस्तक थेट वाचकासमोर आणायचं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आपल्या देशातलं पुस्तक आपल्या देशात छापणार नाही तर कुठं? खरी स्टोरी इथंच सुरू होते.

## शेजारी दांडगा असला की…

आयर्लंडची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार जेमतेम ५१ लाख. समुद्रापलीकडं लंडन, इंग्रजी पुस्तकांची राजधानी. दोघांची भाषा एकच. मग हुशार आयरिश लेखक काय करणार? हस्तलिखित पाकिटात घालणार आणि लंडनला पाठवणार. पैसा तिथं, नाव तिथं, बक्षिसं तिथं. गल्लीतल्या किराणा दुकानासमोर मॉल उभा राहावा, तसा प्रकार.

आणि नुसती हस्तलिखितंच गेली असं नाही, लेखकही गेले. जेम्स जॉइसचं उदाहरण घ्या. ‘डब्लिनर्स’ या त्याच्या कथासंग्रहासाठी त्यानं वर्षानुवर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवले. शेवटी एक डब्लिनचाच प्रकाशक तयार झाला. पुस्तक छापूनही झालं. मग सगळ्यांचे पाय लटपटले. कथांमध्ये खरी दुकानं, खरे पब, राजाबद्दल तिरकस शेरे! १९१२ मध्ये छापलेली ती सगळी पानं नष्ट करण्यात आली. जॉइस डब्लिन सोडून गेला तो पुन्हा कधी परत आला नाही. ‘डब्लिनर्स’ निघालं १९१४ मध्ये, लंडनहून. आणि ज्या ‘युलिसिस’मध्ये त्यानं १६ जून १९०४ या एका दिवसातलं अख्खं डब्लिन उभं केलं, ती कादंबरी प्रसिद्ध झाली २ फेब्रुवारी १९२२ रोजी, पॅरिसमध्ये. सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईच्या पुस्तकाच्या दुकानातून.

त्याच्या दोनच आठवडे आधी, १६ जानेवारी १९२२ ला, ब्रिटिशांनी डब्लिन कॅसल आयरिश नेत्यांच्या ताब्यात दिला होता. सातशे वर्षांचं राज्य संपलं! पण नवं सरकार आल्यावर लेखकांचे दिवस पालटले का? छे! १९२९ मध्ये सेन्सॉरशिपचा कायदा आला आणि देशातल्या चांगल्या चांगल्या लेखकांची पुस्तकं बंदीच्या यादीत जाऊन बसली.

एडना ओब्रायनची गोष्ट तर ऐकाच. क्लेअर परगण्यातल्या छोट्याशा गावातली ही मुलगी. १९६० मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी तिची ‘द कंट्री गर्ल्स’ आली, अर्थातच लंडनहून. दोन मैत्रिणी गावातून शहरात येतात, प्रेमात पडतात, ठेचकाळतात. आज वाचताना वाटतं, यात बंदी घालण्यासारखं काय आहे? पण मुलींना इच्छा असतात हे मुलीनंच लिहिलं, एवढा गुन्हा पुरेसा होता. पुस्तकावर बंदी आली. पुढच्याही अनेक पुस्तकांवर आली. एडनानं आयुष्य काढलं ते लंडनमध्ये.

जॉन मॅकगहर्न हा प्राथमिक शाळेत मास्तर होता. १९६५ मध्ये त्याच्या ‘द डार्क’ या कादंबरीवर बंदी आली आणि पाठोपाठ त्याची नोकरीही गेली. कल्पना करा, तुम्ही रात्री जागून काहीतरी लिहिलंत आणि सोमवारी सकाळी ऑफिसात तुमचं टेबलच नाही!

१९६७ मध्ये कायदा बदलला. बंदीची मुदत बारा वर्षांवर आली आणि हजारो पुस्तकं एका झटक्यात मोकळी झाली. गंमत पुढं आहे. डब्लिनची वाचनालयं २००६ पासून दर एप्रिलमध्ये ‘अख्ख्या शहरानं मिळून एक पुस्तक वाचायचं’ असा उपक्रम चालवतात. २०१९ मध्ये त्यांनी निवडलं एडना ओब्रायनचं ‘द कंट्री गर्ल्स’ आणि त्याचे पुढचे दोन भाग! ज्या पुस्तकावर बंदी होती ते शहरानं हौसेनं वाचलं. एडना तेव्हा ८८ वर्षांची होती. २०२४ मध्ये ती गेली, तेव्हा तिला क्लेअरमधल्या एका बेटावर पुरलं. शेवटी का होईना, पोरगी घरी आली.

## कचऱ्यातलं सोनं

आता पुन्हा प्रकाशकांकडं येऊ. मोठे प्रकाशक लंडनला, मग डब्लिनमध्ये उरतं कोण? उरतात वेडे लोक! गॅलरी प्रेस १९७० पासून कविता छापतेय. ओब्रायन प्रेस १९७४ पासून. लिलिपुट प्रेस १९८४ ची. ‘द स्टिंगिंग फ्लाय’ हे मासिक १९९७ मध्ये निघालं ते नव्या कथालेखकांना जागा द्यायची म्हणून. केव्हिन बॅरी आणि कॉलिन बॅरेट यांचे पहिले कथासंग्रह याच छोट्या घरातून आले. ज्या सॅली रूनीच्या ‘नॉर्मल पीपल’वर आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी रात्र जागवली, तीही काही काळ या मासिकाची संपादक होती.

या मंडळींची एक गोष्ट मला भलतीच आवडते. लिमरिकला राहणारा डोनल रायन नावाचा एक सरकारी नोकर. कामगारांच्या हक्कांसंबंधीच्या खात्यात तपासनीस. दिवसा ऑफिस, रात्री लिखाण. दोन कादंबऱ्या लिहून झाल्या आणि नकार किती मिळाले? मिळून ४७! मग त्याचं हस्तलिखित लिलिपुट प्रेसमध्ये न मागवता आलेल्या हस्तलिखितांच्या ढिगाऱ्यात जाऊन पडलं. असे ढिगारे कोण वाचतं? ऑफिसातली सगळ्यात नवी, सगळ्यात कमी पगाराची इंटर्न. सारा डेव्हिस-गॉफ नावाच्या त्या इंटर्ननं वाचलं आणि ती हटूनच बसली : हे छापायचंच.

‘द स्पिनिंग हार्ट’ २०१२ मध्ये निघालं. आयर्लंडमधली बांधकामाची तेजी २००८ मध्ये कोसळली, त्या वेळची ही कादंबरी. एका गावातला बिल्डर पळून जातो आणि मागं राहिलेली २१ माणसं एकेक करून आपापल्या तोंडून बोलतात. २०१३ मध्ये ती बुकरच्या लाँगलिस्टमध्ये आली, त्याच वर्षी तिला गार्डियनचं पहिल्या पुस्तकासाठीचं बक्षीसही मिळालं.

आणि ती इंटर्न? तिनं लिसा कोएन या मैत्रिणीला घेऊन २०१४ मध्ये स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली, ट्रॅम्प प्रेस. दोघी जणी, वर्षाकाठी मोजकीच पुस्तकं. ‘डिअर सर्स’ असा मायना लिहून हस्तलिखित पाठवणाऱ्यांचं आम्ही वाचणार नाही, असं २०१७ मध्ये त्यांनी जाहीरच करून टाकलं. संपादक पुरुषच असणार असं गृहीत धरणाऱ्यांना चांगला टोला!

ट्रॅम्पनं २०१६ मध्ये माइक मॅकॉर्मॅकची ‘सोलर बोन्स’ छापली. अख्खी कादंबरी एकाच वाक्यात, पूर्णविराम नाही! कुठला मोठा प्रकाशक एवढी हिंमत करेल? पुस्तकाला गोल्डस्मिथ्स पुरस्कार मिळाला. पण बुकरचं दार बंद. का? तर बुकरचा तेव्हाचा नियम असा, की पुस्तक ब्रिटनमधल्या प्रकाशकानं काढलेलं असावं. म्हणजे लेखक आयरिश चालेल, प्रकाशक आयरिश चालणार नाही! २०१७ मध्ये ब्रिटनमधून वेगळी आवृत्ती निघाली आणि तेच पुस्तक लगेच बुकरच्या लाँगलिस्टवर झळकलं. २०१८ पासून बुकरनं नियम बदलला आणि आयरिश प्रकाशकांनाही दार उघडलं. त्याच वर्षी ‘सोलर बोन्स’नं डब्लिनचा एक लाख युरोंचा आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कारही खिशात टाकला. दोन मुलींच्या छोट्या ऑफिसातून निघालेलं पुस्तक, बोला!

## टाळ्यांनी हप्ता भरत नाही

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, झालं, सिनेमा संपला, आता टाळ्या. थांबा. डोनल रायन २०१७ मध्ये पुन्हा सरकारी नोकरीवर रुजू झाला. कारण? घराचा हप्ता! एका पुस्तकामागं आपल्या हातात साधारण ४० सेंट पडतात, असं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. बुकरच्या यादीत गेलेला, देशभर नाव झालेला लेखक. त्याचीही गत ही. ईएमआय कुणालाच चुकला नाही.

आयर्लंडचं सरकार या बाबतीत हातावर हात ठेवून बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. लेखक-कलावंतांच्या कलेतून होणाऱ्या कमाईवर १९६९ पासून तिथं आयकर माफ आहे. पुढं त्याला मर्यादा आली, २०१५ पासून ती वर्षाला ५० हजार युरो. २०२२ मध्ये तर त्यांनी एक भन्नाट प्रयोग सुरू केला : दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, काही अटी न घालता. आर्ट्स कौन्सिलचं अनुदान नसतं तर यातले कित्येक छोटे प्रकाशक टिकलेच नसते.

तरीही छोट्याचं दुखणं छोटंच राहत नाही. लेखक शोधायचा यांनी, घडवायचा यांनी, आणि नाव झालं की तो जातो लंडनच्या मोठ्या घरात. पॉल लिंचच्या ‘प्रॉफेट साँग’ला २०२३ चं बुकर मिळालं, डब्लिनमध्ये घडणारी कादंबरी, पण प्रकाशक लंडनचा. यात लेखकाला दोष कसा देणार? चांगलं पॅकेज मिळालं की आपण थांबतो का?

म्हणून हा नोव्हेंबरचा महोत्सव महत्त्वाचा. वर्षभर पुस्तकाच्या दुकानात पुढच्या टेबलावर मोठ्यांची गर्दी असते. इथं चार-पाच दिवस पुढचं टेबल छोट्यांचं. लेखक समोर बसलेला, प्रकाशक बाजूला उभा, आणि तुम्ही हातात पुस्तक घेऊन. मधे कुणी नाही.

## पहिली भाषा, पण बोलतं कोण?

महोत्सवात आणखी एक आवाज ऐकू येतो, आयरिश भाषेचा. राज्यघटनेनुसार ही देशाची पहिली अधिकृत भाषा. शाळेत सगळे शिकतात. पण शाळा-कॉलेज सोडून रोजच्या व्यवहारात ती बोलणारे २०२२ च्या जनगणनेत निघाले सुमारे ७२ हजार. या मूठभरांसाठी क्लो इअर-कोनाख्तसारखी संस्था १९८५ पासून पुस्तकं काढतेय.

या भाषेतली सगळ्यात गाजलेली कादंबरी आहे मार्टिन ओ कायन यांची ‘क्रे ना किल्ला’, १९४९ ची. त्यातली सगळी पात्रं मेलेली! कबरस्तानात शेजारी शेजारी पडून त्यांची भांडणं, उणीदुणी आणि गॉसिप चालूच. नवं प्रेत आलं की गावाच्या ताज्या बातम्या. एवढं धमाल पुस्तक, पण इंग्रजीत छापून यायला २०१५ साल उजाडलं. इंग्रजी माध्यमातून शिकून आजीशी तुटक मराठीत बोलणाऱ्या आपल्या पिढीला यातलं काहीतरी टोचेल. टोचू दे.

## आपलं नातं

आयर्लंडशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर दोनच गोष्टी. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आणि ‘ती फुलराणी’! पु. लं.नी १९७५ मध्ये मराठीत आणलेली ती मंजुळा मुळात बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली. शॉ जन्मानं डब्लिनकर. म्हणजे भक्ती बर्वेंच्या तोंडून आपण डब्लिनच्याच पोराची करामत ऐकत होतो. फक्त एवढंच, की तोही विशीतच लंडनला निघून गेला होता!

डब्लिनच्या ज्या भागाला आता ‘सिलिकॉन डॉक्स’ म्हणतात, तिथं आपली बरीच मुलं-मुली काम करतात. त्या भागातला नदीवरचा पूल आडव्या ठेवलेल्या हार्पसारखा दिसतो. २००९ मध्ये बांधलेल्या त्या पुलाला नाव दिलंय सॅम्युअल बेकेटचं. बेकेटही पॅरिसला निघून गेला आणि फ्रेंचमध्ये लिहू लागला. थोडं पुढं शॉन ओकेसीचा पूल. आणखी वर जेम्स जॉइसचा. जे गेले, त्यांच्या नावानं पूल.

पूल बांधणं त्या मानानं सोपं. जो अजून गेला नाही, जो ऑफिसातून घरी येऊन रात्री दहाला लॅपटॉप उघडतोय, त्याचं पुस्तक आत्ता विकत घेणं थोडं अवघड. डब्लिनचे लोक दर नोव्हेंबरमध्ये भिजत येतात आणि तेच करतात.

डब्लिनला असाल तर…

हॉजेस फिगिस : डॉसन स्ट्रीटवरचं १७६८ पासूनचं पुस्तकाचं दुकान. आयरिश पुस्तकांचा विभाग बघाच.

बुक्स अपस्टेअर्स : डोलियर स्ट्रीटवर. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं हवीत? इथं या. वर कॅफेही आहे.

मोली : सेंट स्टीफन्स ग्रीनवरचं साहित्याचं म्युझियम, २०१९ मध्ये उघडलं. ‘युलिसिस’ची पहिल्या क्रमांकाची प्रत इथं आहे.

स्वेनीज : लिंकन प्लेसवरचं जुनं औषधांचं दुकान. ‘युलिसिस’चा नायक इथं लिंबाच्या वासाचा साबण घेतो. आता औषधं मिळत नाहीत, साबण मिळतो, आणि लोक जमून जॉइस वाचतात.

चेस्टर बीटी : डब्लिन कॅसलच्या आवारातच. जुन्या हस्तलिखितांचा खजिना, मुघल चित्रंसुद्धा. प्रवेश फुकट.

सिटी लायब्ररी : सदस्यत्व फुकट. २०१९ पासून उशिराचा दंडही नाही. तरी पुस्तक वेळेवर परत करा, पुढचा वाट बघत असतो!